शंभराचे एकशे साठ

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
मध्यवर्ती कार्यालय, मुंबई



मी रत्नागिरी जिल्ह्यातला आंबा बागायतदार आहे. आमच्यासारख्यांच्या तोंडी रिझर्व्ह बँकेचं नाव येतं ते बहुधा कर्जाच्या पुनर्गठनापुरतं. आज मात्र मी भारताचा रुपया आणि नेपाळचा रुपया यांच्यातल्या दराबद्दल लिहितो आहे. आपल्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशे साठ. १२ फेब्रुवारी १९९३ ला ठरलेला हा दर अजून एका पैशाने हललेला नाही. मधल्या काळात डॉलरला एकतीसच्या आसपास असलेला आपला रुपया पंच्याऐंशीच्या पुढे घसरला आणि नेपाळचा रुपया पावलाला पाऊल लावून त्याच्या मागोमाग तितकाच खाली गेला.

आंबेवाल्याला या दराचं काय पडलंय, असं आपल्या कार्यालयात कुणाला वाटेल. त्यांनी दिवाळीनंतर एकदा कोकणात यावं. पावस, राजापूर, देवगड, कुठल्याही बाजूच्या बागा बघाव्यात. थंडी पडायच्या सुमाराला नेपाळी माणसं उतरू लागतात: कैलाली, कंचनपूर, अछाम, डोटी, सुर्खेत, दांग अशा जिल्ह्यांतली. फवारणी, वानरं हाकणं, रात्रीची राखण, झेल्याने फळ उतरवणं, प्रतवारी, पेट्या भरणं, सगळं त्यांच्याकडे. हापूसचा हंगाम आज त्यांच्या अंगमेहनतीवर उभा आहे, हे कुठलाही प्रामाणिक बागायतदार कबूल करील. मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात तेही पुष्कळसे तिकडचेच. पावसाच्या तोंडावर हिशेब घेऊन ही माणसं गावाकडे निघतात.

आमच्याकडे आठवड्याला खर्ची द्यायची आणि उरलेली रक्कम शेवटी एकदम, अशी रीत आहे. मे महिन्यात अंगणात बसून वही उघडली, उचल वजा केली आणि देण्याचा आकडा सांगितला की आमचा राखणदार काही क्षण गप्प होतो. ओठ तेवढे हलत असतात. तो सोळाच्या पाढ्याने हिशेब करत असतो. पाच हजारांचे आठ हजार, पंचवीस हजारांचे चाळीस हजार. भारतीय पैशाला तो ‘आयसी’ म्हणतो आणि नेपाळी पैशाला ‘एनसी’. घरावरचे पत्रे, गावातल्या सावकाराचं देणं, मुलीच्या कॉलेजची फी, हे त्याचे सगळे खर्च एनसीतले. त्याची मजुरी एकदा मी ठरवतो आणि दुसऱ्यांदा तो दर ठरवतो. माझ्याशी तो घासाघीस करू शकतो. दराशी करू शकत नाही.

या दराचा इतिहास मी गेली काही वर्षं जमेल तसा वाचतो आहे. तो वाचून माझं एक ठाम मत झालं आहे आणि तेच आपल्यापुढे मांडायचं आहे. एकशे साठचा दर काठमांडूने धरून ठेवला आहे. तो गरिबाच्या हातात पुरा पडतो की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी मुंबईत ठरतं. भारताने आपल्या पैशाबद्दल मोठे निर्णय घेतले तेव्हा हा माणूस कुणाच्या लक्षात राहिला नाही.

जुन्या काळापासून सांगतो. नेपाळच्या तराईत आणि पश्चिमेच्या डोंगराळ भागात कैक पिढ्या भारतीय रुपयाच जास्त चालायचा. त्याला लोक ‘कंपनी’ म्हणत, आणि नेपाळच्या नाण्याला ‘मोहरू’. १९३२ मध्ये दोन मोहरांचा एक असा नेपाळी रुपया सुरू झाला, पण कंपनीला किती मोहरू हे ठरवणारं अधिकृत ठिकाण नव्हतं. बाजार आणि सावकार ठरवतील तो दर. आपल्याकडे पेशवाईत चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही अशा नाना रुपयांचा बट्टा सराफ ठरवायचे, तसाच हा मामला. सुगीत एक भाव, लग्नसराईत दुसरा. परमुलखात कमावून आलेल्या माणसाला शेवटी गावच्या सावकारापुढेच गाठोडं सोडावं लागे.

नाण्यांच्या दरावरून काय होऊ शकतं, याचा नेपाळला त्याहून जुना अनुभव आहे. काठमांडू खोऱ्यातले मल्ल राजे तिबेटसाठी चांदीची नाणी पाडून देत. पुढे त्यांत भेसळ वाढली. पृथ्वीनारायण शहाने खोरं जिंकल्यावर शुद्ध चांदीची नाणी काढली आणि जुन्या हिणकस नाण्यांना नव्याच्या तुलनेत काय भाव द्यायचा, यावर तिबेटशी वाद पेटला. तो मिटला नाही. १७८८ मध्ये गोरखा फौजा तिबेटात शिरल्या, १७९१ मध्ये पुन्हा शिरल्या आणि ताशिल्हुन्पोचा मठ लुटला गेला. पुढच्या वर्षी चीनच्या बादशहाचं सैन्य डोंगर ओलांडून काठमांडूच्या वाटेवर आलं. व्यापाराचीही भांडणं होतीच, पण ठिणगी नाण्यांच्या दराची होती.

नेपाळ राष्ट्र बँक स्थापन झाली २६ एप्रिल १९५६ ला. चार वर्षांत तिने मोहरू देशभर चालू करायचा चंग बांधला आणि १३ एप्रिल १९६० ला दर बांधून टाकला: शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी. त्या दिवसापासून धनगढीच्या बाजारात आणि काठमांडूच्या असनमध्ये कागदावर तरी एकच भाव झाला. गरिबाच्या बाजूने झालेला हा मोठा निर्णय होता, असं मी मानतो. सरकारी दर माहीत असलेल्या माणसाला फसवणं सावकाराला अवघड जातं.

सहा वर्षांनी तो मोडला.

६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४.७६ चा रुपया ७.५० झाला. इंदिराबाई पंतप्रधान होऊन पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. दोन युद्धं, दुष्काळ, परकीय चलनाची टंचाई, जागतिक बँकेचा दबाव, या सगळ्यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. नेपाळच्या बाजूने काय झालं, यावर मराठीत मला एक ओळसुद्धा सापडली नाही. नेपाळने आपला रुपया जागेवर ठेवला. डॉलरला ७.६२ होता, तो तसाच. आता हिशेब करा: ७.६२ भागिले ७.५०. एकशे साठचा दर एका रात्रीत साधारण १०१.६ वर आला.

ज्याच्या कनवटीला त्या दिवशी शंभर कंपनी होते, त्याचे जवळपास साडेअठ्ठावन्न मोहरू गेले. त्याने चोरी केली नव्हती, की जुगार खेळला नव्हता. गावच्या सावकाराचे एकशे साठ मोहरू देणं असेल तर आदल्या दिवशी शंभर कंपनीत माणूस मोकळा होत होता. दुसऱ्या दिवशी त्याच देण्याला एकशे सत्तावन्नच्या वर कंपनी लागू लागले. १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार आपल्या सैन्यात गोरखा पलटणी आहेत. त्यांतून निवृत्त झालेल्यांचं पेन्शन भारतीय रुपयांत. काश्मीरपासून नेफापर्यंत लढून डोंगरात परतलेल्या माणसाचं पेन्शन मोहरूत मोजलं तर एका झटक्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी झालं. भारतातून येणारं मीठ, कापड, रॉकेल त्याला स्वस्त पडलं असेल, हे खरं. पण गावातला भात, सारा, मजुरी, कर्ज हे मोहरूतच होतं. तराईतल्या ज्या शेतकऱ्याचा तांदूळ भारतात जायचा, त्यालाही त्याच तांदळाचे मोहरू कमी मिळू लागले.

भारताने नेपाळच्या मजुराचं वाईट चिंतून अवमूल्यन केलं, असं मी म्हणत नाही. त्याचा विचारच झाला नाही, एवढंच म्हणतो.

नेपाळने दीड वर्ष कळ काढली. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, तेव्हा ८ डिसेंबरला नेपाळनेही आपला रुपया डॉलरला १०.१२५ वर नेला आणि भारताशी दर झाला १३५. नंतरचा आकडा तर आणखी लांबून आला. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेत स्मिथसोनियन करार झाला, डॉलरची किंमत उतरली. भारताने रुपया पौंडाला बांधला, नेपाळने डॉलरला बांधलेला ठेवला, आणि या दोन दोरांच्या ताणातून २२ डिसेंबरला दर निघाला १३९. तो ना काठमांडूत ठरला होता, ना मुंबईत. बांगलादेशचं युद्ध संपून आठवडाही झाला नव्हता आणि गोरखा जवानांचं घरी जाणारं वेतन वॉशिंग्टनमधल्या बैठकीमुळे थोडं वाढलं होतं.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. मार्च १९७८ मध्ये १४५, नोव्हेंबर १९८५ मध्ये १७०, सहा महिन्यांत १६८. म्हणजे १९६६ च्या आधीचा एकशे साठचा भाव पुन्हा दिसायला १९८५ उजाडावं लागलं. एकोणीस वर्षं. जुलै १९९१ मध्ये भारताने दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन केलं, पण यावेळी नेपाळ आपल्याबरोबर हलला आणि दर १६५ वर आला. काठमांडूने १९६६ मधून धडा घेतला होता, हे उघड आहे. दीड वर्षाने नेपाळने चालू खात्यावरचे व्यवहार खुले केले आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये पुन्हा जुना एकशे साठ आणून बसवला. नंतर दहा वर्षांचं माओवादी युद्ध झालं, राजेशाही गेली, एप्रिल २०१५ चा भूकंप झाला, त्याच वर्षी सीमेवर नाकेबंदी झाली, कोविड आला. दर हलला नाही.

तो कशाच्या जोरावर टिकतो, हे आपल्याला मी सांगायला नको, पण वाचकांसाठी लिहितो. नेपाळचा निम्म्याहून बराच जास्त व्यापार भारताशी आहे आणि त्यात नेपाळ घेतो जास्त, विकतो कमी. ही तूट भागवायला भारतीय रुपये लागतात. ते मिळवण्यासाठी नेपाळ राष्ट्र बँक दर वर्षी अब्जावधी डॉलर विकते. हे डॉलर येतात कुठून? कतार, सौदी, दुबई, मलेशियात राबणाऱ्या नेपाळी मजुरांकडून. आमच्या राखणदाराचा धाकटा भाऊ दोहात बांधकामावर आहे. धाकट्याने पाठवलेल्या डॉलरवर दर उभा राहतो आणि त्याच दराने थोरल्याची आंब्याच्या बागेतली मजुरी घरी पोचते. एका घरातले दोघे भाऊ दोन समुद्रांच्या काठी राबून हा एकशे साठ सांभाळताहेत, आणि मोठमोठ्या अहवालांत त्याला ‘चलनाचं स्थैर्य’ म्हणतात.

हा दर नेपाळला परवडतो का, यावर तिकडच्या अर्थतज्ज्ञांत वाद आहे. भारताशी दर बांधल्यामुळे महागाईला आवर बसतो, असं काही म्हणतात. नेपाळचा माल त्यामुळे बाहेर महाग पडतो, असं इतर म्हणतात. दोन्हींत तथ्य आहे. निर्णय त्यांचा आहे आणि भारतात बसून त्यात तोंड घालणं मला शोभणार नाही. माझं मागणं आपल्या हद्दीतलं आहे.

महोदय, ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. आम्ही बँकांपुढे रांगा लावल्या, हाल सोसले, पण पैसे बदलून मिळाले. तिकडे काय झालं? त्याच्या थोडंच आधी, माणशी पंचवीस हजारांपर्यंत पाचशे-हजारच्या नोटा नेपाळला नेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनेच दिली होती आणि नेपाळनेही ती मान्य केली होती. म्हणजे जूनमध्ये कोकणातून, पंजाबातून, दिल्लीतून गेलेल्या मजुरांनी कायद्याने नेलेल्या नोटा नोव्हेंबरमध्ये त्यांच्या घरच्या ट्रंकेत होत्या. दुसऱ्याच दिवशी नेपाळ राष्ट्र बँकेला त्या नोटांचे व्यवहार थांबवावे लागले. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना आपण नंतर मुदत वाढवून दिली, पण त्या सवलतीतून नेपाळमध्ये राहणारे भारतीय नागरिकसुद्धा वगळले. नेपाळ्यांचा तर प्रश्नच आला नाही. दोन्ही सरकारांत, दोन्ही बँकांत वर्षानुवर्षं बोलणी झाली आणि तोडगा निघाला नाही. नोटा घेऊन इकडे यावं, तर २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं भारतात दंडनीय.

आमच्या राखणदाराच्या घरी पाचशेच्या बावीस नोटा होत्या. अकरा हजार रुपये, सोळाच्या पाढ्याने सतरा हजार सहाशे. हंगामातली जवळजवळ एका महिन्याची मजुरी. १९६६ मध्ये त्याच्या आजोबांच्या पिढीचे शंभरातले छत्तीस-सदतीस टक्के गेले होते. याचे शंभर टक्के गेले. २०१६ मध्येही दर एकशे साठच होता.

या प्रसंगाने नेपाळचा आपल्या मोठ्या नोटांवरचा विश्वास उडाला. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. अलीकडे ही वाट ठरावीक रकमेपुरती पुन्हा मोकळी करण्याच्या हालचाली झाल्या, हे चांगलं झालं. पण मधल्या काळात आमच्या माणसांनी काय केलं, हे मी पाहिलं आहे. मे महिन्यात हा गडी तालुक्याच्या गावात दुकानोदुकानी फिरून पाचशेच्या नोटा मोडून शंभरच्या घ्यायचा. दुकानदारही सहजी देत नसत, मग शेकड्याला दोन-तीन रुपये सोडायचे. जाड पुडकं बनियनच्या आतल्या खिशात शिवून घ्यायचं आणि पनवेलहून गाडी पकडून, लखनौ करून, गौरीफंट्याच्या नाक्यापर्यंत तीन दिवस ते अंगावर वागवायचं. पाचशेच्या नोटा तशाच नेल्या तर नाक्याच्या बाजारात त्या एकशे साठने कुणी घेत नसे. आणि तिकडून उपचाराला किंवा शिक्षणाला भारतात येणाऱ्या नेपाळी माणसाला आयसी हवे असतात तेव्हा टंचाई असते, म्हणून त्याच्याकडून एकशे साठच्या वर मागतात. घेताना एक भाव, देताना दुसरा. म्हणजे कंपनी-मोहरूचा जुना सराफ गेलेला नाही.

आपण म्हणाल, रोकड कशाला न्यायची? बँकेतून पाठवावी. बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेने मे २००८ मध्ये भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना सुरू केली. भारतात खातं नसलेल्या माणसालाही रोख भरून पन्नास हजारांपर्यंत पाठवता येतात, शुल्क नाममात्र, आणि घरच्यांना थेट नेपाळी रुपये मिळतात, एकशे साठच्या दराने. खात्यातून पाठवायची मर्यादा २०२१ मध्ये दोन लाखांवर नेली. योजना आखणाऱ्याला या माणसाची खरी जाण होती, असं मला ती वाचताना वाटलं आणि मनापासून बरं वाटलं.

मग मी आमच्या माणसाला घेऊन बँकेत गेलो. बँकेचं नाव घेत नाही, कारण तिथली मंडळी वाईट नव्हती. काउंटरवरच्या तरुणाने ही योजना ऐकलेलीच नव्हती. त्याने आत विचारलं. आतल्या साहेबांनी संगणकात पाहिलं आणि ‘नेपाळला परदेशी पाठवणीचा अर्ज लागेल, पासपोर्ट आणा’ असं सांगितलं. आमच्या माणसाकडे होता नेपाळचा नागरिकता दाखला. पासपोर्टशिवाय ये-जा करण्याची मुभा दोन्ही देशांच्या लोकांना आहे, हे त्याला माहीत, मला माहीत. काउंटरला माहीत नव्हतं. मी आपल्या संकेतस्थळावरचं परिपत्रक छापून नेलं होतं, ते दाखवलं. ‘वरून विचारून सांगतो’ असं उत्तर मिळालं. ते वरून अजून आलेलं नाही. त्या संध्याकाळी त्याने नेहमीसारखी हुंडी धरली. मुंबईतल्या एका माणसाला रक्कम पोचवायची, तिकडे त्याचा माणूस घरी पैसे देतो. दर तो एकशे साठच सांगतो, पण हातात पडतात शंभराला एकशे चोपन्न, एकशे पंचावन्न. उरलेले कशाचे, ते विचारायची सोय नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या बँकेने आणि नेपाळ राष्ट्र बँकेने दोन देशांच्या झटपट पैसे पाठवण्याच्या व्यवस्था जोडण्यासाठी कागदावर सह्या केल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात भारतीय पर्यटकाला नेपाळच्या दुकानात यूपीआयने पैसे देता येऊ लागले. आज रत्नागिरीचा भाविक पशुपतिनाथाच्या दारात फोन दाखवून रुद्राक्ष विकत घेतो आणि त्याच रत्नागिरीत राबलेला नेपाळी मजूर शंभरच्या नोटांचं पुडकं बनियनमध्ये शिवत आला आहे. पर्यटकाला आधी वाट दिली, मजुराला नंतर. क्रम उलटा हवा होता, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे.

माझी पहिली विनंती जुन्या नोटांची आहे. काळा पैसा आत येईल ही भीती मी समजू शकतो. पण माणशी पंचवीस हजारांची मर्यादा आपणच घातली होती. तेवढ्याच रकमेपुरती, नेपाळच्या बँकांमार्फत, नागरिकता दाखला पाहून, एकदाच नोटा बदलून द्या. रक्कम दोन्ही देशांच्या मानाने किरकोळ निघेल. ज्याने आपल्या परवानगीने नोट नेली, त्याला ‘धारकास अदा करण्याचे वचन’ देणाऱ्या बँकेने तोंड फिरवणं बरं दिसत नाही.

यापुढे असा मोठा निर्णय घ्यायची वेळ आली तर शेजाऱ्याला आदल्या रात्री सांगा, असं मी म्हणणार नाही. अवमूल्यन किंवा नोटाबंदी गुप्तच ठेवावी लागते. पण दुसऱ्या सकाळी नेपाळ आणि भूतानसाठी काय व्यवस्था असेल, याचा मसुदा त्याच फायलीत, त्याच दिवशी तयार असायला हवा. आपला रुपया हे त्या दोन्ही देशांचंही रोजचं चलन आहे. भूतानने तर १९७४ पासून आपला ङुल्ट्रम भारताच्या रुपयाशी एकास एक बांधला आहे.

आणखी एक मागणं कुणाला पुस्तकी वाटेल. माझ्या लेखी ते महत्त्वाचं आहे. भारतीय अर्थव्यवस्थेच्या आकडेवारीचं जे हस्तपुस्तक आपण दर वर्षी काढता, त्यात रुपयाचा डॉलर, पौंड, युरो, येन यांच्याशी असलेला दर अनेक वर्षांचा सापडतो. नेपाळी रुपयाचा सापडत नाही. १६०, १०१, १३५, १३९, १४५, १७०, १६८, १६५ आणि पुन्हा १६०, ही साखळी जुळवायला मला नेपाळकडची कागदपत्रं चाळावी लागली. एवढी खुली सीमा, एवढी माणसं, एवढा व्यवहार, आणि शेजारच्या पैशाचा साठ-पासष्ट वर्षांचा दर आपल्या मुख्य आकडेवारीत एका पानाचाही धनी नाही. ते एक पान छापा. त्याखाली प्रत्येक बदलाचं कारण दोन ओळींत लिहा. मराठीत, हिंदीत आणि नेपाळीतही. नेपाळी आपल्या आठव्या परिशिष्टातली भाषा आहे.

सगळ्यात तातडीचं काम मात्र काउंटरवरचं आहे. २००८ ची योजना रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधल्या प्रत्येक बँक शाखेला पुन्हा लेखी कळवा. नागरिकता दाखलाही चालेल, असं त्यात स्पष्ट लिहा. पोस्टाच्या आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखांतून ही सोय देता येईल का, ते तपासा, कारण बागा असतात तिथे बहुतेक वेळा जवळ असतं ते पोस्टच. हंगामाच्या अखेरीला पीककर्जाचे मेळावे भरवतात तसा देवगड, राजापूर, रत्नागिरीत एकेक दिवस पैसे पाठवण्याचा मेळावा भरवा. नेपाळी बोलणारा एक माणूस तिथे बसवा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: शंभराचे एकशे साठ, शुल्क इतकं, घरी पोचणार इतके. बागायतदारांना आम्ही घेऊन येऊ. जागा, मांडव, चहापाणी आमच्याकडे.

आमच्या बाजूनेही एक सांगतो. आम्हा बागायतदारांपैकी पुष्कळजण रोख देणंच सोयीचं म्हणून रोख देतात. ते बदलायला हवं, आणि वाट सरळ झाली तर बदलेल. आमच्या संघात मी हा विषय काढणार आहे.

यंदाचे हिशेब मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतील आणि ७ जूनच्या आत बागा रिकाम्या होतील. शाखांना जाणारी सूचना त्याआधी, एप्रिलअखेर निघावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक आंबा बागायतदार,
रत्नागिरी